गाळलेला ठोका

केतकी. उंची १४. छाती ३१. कंबर २७. मुंढा १४. बाही ६. (कप घालणे.)

ही नोंद विजयमाला पोरे यांच्या मापांच्या वहीतली. केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. नोंद झाली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पुढच्या अठरा वर्षांत त्यातला फक्त कमरेचा आकडा दोनदा खोडला गेला. कंसातले दोन शब्द मात्र तसेच राहिले.

शाळेच्या निरोपसमारंभाला केतकी पहिल्यांदा साडी नेसली, तेव्हा आईने ब्लाऊजच्या अस्तरात दोन पातळ कप शिवून दिले. विचारलं नाही, सांगितलंही नाही. केतकीने ब्लाऊज घातलं, आरशात पाहिलं, आणि कुणीतरी शुद्धलेखन तपासून वही परत द्यावी तसं तिला वाटलं. तीही काही बोलली नाही. तेव्हापासून प्रत्येक ब्लाऊजमध्ये कप आले. सणाच्या, लग्नकार्याच्या, पहिल्या मुलाखतीच्या. आई ते इतके सुबक बसवायची की हाताला लागायचे नाहीत. केतकीला लागायचे. आणि मायलेकींचं न बोलता एक ठरून गेलं: तिकडे बघायचं नाही.

कराडच्या शनिवार पेठेत घराच्या पुढच्या खोलीत 'विजयमाला लेडीज टेलर्स' होतं. बसस्थानकासमोर आता माप घेणाऱ्या काचेच्या खोल्या आल्या होत्या. बाईने आत जायचं, हात पसरायचे, मोजून नऊ सेकंद, दुसऱ्या दिवशी ब्लाऊज घरपोच. तरी बायका विजयमालाबाईंकडेच यायच्या, कारण जेवल्यावर बाई किती फुगते हे काचेची खोली विचारत नव्हती. परगावच्या बायका माप द्यायला येऊ शकत नसत. त्या आपलं नीट बसणारं एक जुनं ब्लाऊज पाठवून देत. त्याला मापाचं ब्लाऊज म्हणतात. विजयमालाबाईंना त्यांच्या सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की मापाचं ब्लाऊज हातात असेल तर बाईकडे बघायचं नाही, डोळा मध्ये आणायचा नाही. चाळीस वर्षांत त्यांनी आणला नव्हता.

केतकीही आता परगावचीच. पुण्यात एका सर्वेक्षण कंपनीत ड्रोनने काढलेले नकाशे तपासायची. तिचं मापाचं ब्लाऊज आईच्या कपाटात पहिल्या खणात असायचं.

*

काखेच्या घडीत, चार सेंटिमीटर.

"छातीवर एकही टाका येणार नाही," प्लास्टिक सर्जन डॉक्टर नसीमा बागवान केतकीला म्हणाल्या होत्या. "काखेत जी घडी असते, तिच्यातच छेद घ्यायचा. तिथून कॅमेऱ्याची नळी आत घालायची, छातीच्या स्नायूखाली जागा करायची आणि जेल भरलेली पिशवी गुंडाळून आत सरकवायची. आत गेली की ती उलगडते. सहा महिन्यांनी छेदाची रेघ तुम्हालाच शोधावी लागेल."

त्यांनी आणखी एक विचारलं होतं: कुणी सांगितलंय का करायला? नवरा, मित्र, कुणी?

"कुणी नाही," केतकी म्हणाली. "मला बिनअस्तराचं ब्लाऊज घालायचंय."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

ही पिशवी ऐकणारी होती. पूर्वीच्या पिशव्या आतल्या आत फाटल्या तरी बाईला कळायचं नाही. जेल घट्ट असतं, ते वाहत नाही, दुखत नाही. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी मोठ्या यंत्रात जाऊन बघून घ्यावं लागे, आणि बहुतेक जणी जात नसत. नव्या पिशवीच्या कवचात केसाहून पातळ पडदा बसवलेला होता. तो दाबला गेला की त्यात किंचितशी वीज तयार होते. श्वास घेतला की तो दाबला जातो, हृदयाचा ठोका पडला की दाबला जातो, आणि तेवढ्याच विजेवर चालतो. प्रत्येक ठोका जेलमधून कसा जातोय ते तो ऐकत राहतो. ठोक्याचा आवाज बदलला तर समजायचं की जेल बदललं. फळवाला कलिंगड वाजवून बघतो, तसंच. मग रोज सकाळी फोनवर एक ओळ येते: डावी ठीक, उजवी ठीक.

अडचण एवढीच, की कान उघडा असला की त्यात सगळंच येतं. मिक्सर येतो, रस्ता येतो, कुशीत झोपलेल्या मुलाचा ठोकाही येतो. म्हणून आत एक गाळणी होती. आपल्या बाईचा ठोका ठेवायचा, बाकी फेकायचं. दुसऱ्याच्या शरीराचा आवाज त्याच्या परवानगीवाचून साठवायचा नाही, असा नियमच होता. मात्र फेकण्याआधी यंत्र एकदा तपासायचं, की या परक्या ठोक्यात काही धोका तर नाही. तोही नियम होता. तो करताना खूप वाद झाले होते, असं डॉक्टरांनी सांगितलं. केतकीने त्या पानावर सही केली आणि पान उलटलं.

ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. आईला तिने खांदा मुरगळला म्हणून सांगितलं. दीड महिना हात डोक्याच्या वर जात नव्हता, तेव्हा ते खोटंही म्हणता येत नव्हतं. डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा भाग बधिर राहिला. एवढं सोडलं तर केतकी खूश होती. आंघोळीनंतर आरशासमोरून जाताना ती चालणं हळू करायची. कुणाला दाखवायचं होतं असं नाही. आपण आपल्या अंगात राहायला आलो आहोत, असं तिला वाटायचं.

पुढे दिवाळी आली. दिवाळीचं ब्लाऊज आई दरवर्षी शिवायची. आणि मापाचं ब्लाऊज आईच्या कपाटात होतं, पहिल्या खणात.

आईने एकतीस छातीचं, कप घातलेलं ब्लाऊज शिवलं. केतकीने पुण्यात एका टेलरकडून कप काढवले, बाजू उसवून सैल करून घेतल्या. तरी भाऊबीजेला मुंढ्यापाशी, बाही जोडतात तिथे, आडव्या सुरकुत्या पडल्याच. आईने पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली.

"थोडी जाड झालेय मी," केतकी म्हणाली.

"असेल," आई म्हणाली.

*

फेब्रुवारीत मावसबहीण ऋचाचा साखरपुडा कराडलाच होता. फुलांची माळ खिळ्याला अडकवायला केतकीने हात वर केला आणि आईनेच शिवलेल्या नव्या ब्लाऊजच्या डाव्या मुंढ्याची शिलाई उसवली. तो आवाज कार्यालयात आणखी कुणाला आला नाही. आईला आला. तिने मुलीचं मनगट धरलं आणि सामानाच्या खोलीत नेलं. पिशवीत सुईदोरा होताच.

"हात वर कर."

"इतकाच होतो."

"खांदा अजून दुखतोय?"

"थोडा."

"बरं, तोंडात दोरा धर. अंगावर शिवताना बोलायचं नसतं."

पोऱ्यांच्या घरातली ही रीत. अंगावरचा कपडा अंगावरच शिवायची वेळ आली, तर जिच्या अंगावर शिवायचं तिने दातात दोऱ्याचा तुकडा धरायचा आणि शेवटची गाठ पडेपर्यंत गप्प राहायचं. शिवणारीने बोललं तर चालतं.

आई तिच्या डाव्या कुशीला अगदी चिकटून उभी राहिली. शिवायला दुसरा मार्गच नव्हता. तिची बोटं काखेच्या घडीपासून दोन बोटांवर चालत होती.

"तुझं नाही चुकलं काही," आई टाके घालता घालता म्हणाली. "माझं चुकलंय."

(                    )

"दिवाळीचंही असंच झालं. मापाचं समोर ठेवून कापलं होतं मी. दोनदा मोजलं होतं."

(   आई, थांब   )

"डोळे म्हणावेत तर चष्मा नवा आहे. हातच गेला गं माझा. सासरे म्हणायचे, एक दिवस जातो. पण ते सत्तरीपर्यंत शिवत होते."

(   तुझा हात नाही गेला. मी   )

"हलू नकोस."

केतकीच्या दातात दोरा होता. चार मिनिटं ती दोन्ही ओठ मिटून उभी राहिली. आई धापा टाकत होती. एवढंसं उभं राहून शिवायला एवढा दम लागावा, हे त्या चार मिनिटांत केतकीच्या ध्यानात आलं नाही, कारण ती स्वतःच्याच श्वासाकडे लक्ष देत होती. शेवटी आईने वाकून दाताने दोरा तोडला.

"झालं. आता बोल."

पण तेवढ्यात बाहेरून ऋचाच्या सासूबाईंनी हाक मारली, आणि दोघी बाहेर गेल्या.

*

सकाळ, ७.०५. डावी ठीक. उजवी ठीक. काल ११.४२ ते ११.४६: परका ठोका, गाळला आहे. गाळण्यापूर्वीचा इशारा: हृदयाच्या झडपेत अडथळ्याची शक्यता. व्यक्ती ओळखीची असल्यास तिच्या संमतीने १८० सेकंद पुन्हा ऐकवावे.

केतकीने वेळ पुन्हा वाचली. अकरा बेचाळीस. त्या वेळी तिच्याजवळ एकच माणूस होतं.

तिने डॉक्टर बागवानांना फोन लावला.

"आवाज माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "गाळला म्हणजे गेला. इशाऱ्याचे आकडे तेवढे आहेत आणि ते मला आवडलेले नाहीत. झडप अरुंद झाली की रक्त बारीक फटीतून जोराने जातं आणि घरघरतं. माणूस म्हणतं वय झालं, दम लागतो. असं वर्षानुवर्षं चालतं आणि एक दिवस जिना चढताना कोसळतं. तो दिवस कधी, ते कुणी सांगू शकत नाही. उपाय सोपा आहे. मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप नेऊन बसवतात, तीन दिवसांत घरी. पण त्यासाठी आईला दवाखान्याच्या दारात तर आणायला हवं."

"काय सांगून आणू?"

"खरं सांगून."

"दुसरं काही?"

"दुसरं सांगून बघा," डॉक्टर म्हणाल्या. "मग फोन करा."

पहिला फोन.

"आई, ऑफिसने आईवडिलांची मोफत तपासणी ठेवलीय."

"मोफत म्हणजे डोक्यापासून नखापर्यंत सगळं बघत बसतील. मला काही झालेलं नाही."

"दम लागतो ना तुला?"

"त्रेसष्ट वर्षांच्या बाईला दम नाही लागणार तर काय पंख फुटणार?"

दुसरा फोन.

"गेलीस का डॉक्टरकडे?"

"गेले, कोपऱ्यावरच्या. बीपी बघितलं. म्हणाले, माझ्यापेक्षा तुमचं चांगलं आहे."

"छातीला नळी लावली का?"

"कसली नळी, त्यांच्या लेकीच्या ब्लाऊजचं विचारत बसले होते. मी म्हटलं, आता घेत नाही."

"काय घेत नाहीस?"

"काम. परवा पाटी उतरवली मी. लोकांच्या लग्नाची ब्लाऊजं बिघडवण्यापेक्षा आपणच थांबलेलं बरं."

तिसरा फोन.

"आई."

"हं."

"तुला एक सांगायचं होतं."

"काय गं?"

"जेवलीस का?"

"जेवले."

केतकीने फोन ठेवला आणि कराडच्या बसचं तिकीट काढलं. आईला काय वाटेल याची भीती होतीच. पण आई जिना कितीदा चढते हे ती मनात मोजायला लागली होती. गच्चीवर वाळवण, दिवसातून दोनदा. प्रत्येक खेपेला सतरा पायऱ्या.

*

दुकानाच्या दारावर पाटीच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला होता. आत आई मापाची ब्लाऊजं परत करायला बसली होती. प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली: 'गोटखिंडीकर काकू', 'पोस्टातली', 'जोशीबाई, शाळा', 'जोशीबाई, उंच'. समोर कदमकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. गेली तीस वर्षं त्यांचं प्रत्येक ब्लाऊज इथलंच.

"म्हणजे मी त्या काचेच्या पेटीत उभी राहायचं?" कदमकाकू म्हणत होत्या. "आत एक बाई बोलते. म्हणते, कृपया पोट आत घेऊ नका. पोट आत घेतल्याशिवाय मी जन्मात कधी माप दिलेलं नाही."

"माहितेय मला," आई म्हणाली. "मी दीड इंच सोडूनच कापायची."

"बघा. आता ते त्या पेटीला कोण सांगणार? केतकी, तू तरी समजव बाई हिला. पोरीचं एक ब्लाऊज चुकलं म्हणून कुणी हातातलं काम सोडतं का?"

त्या आपलं ब्लाऊज न घेताच गेल्या. आईने ते घडी करून बाजूला ठेवलं.

"बातमी न देता आलीस," ती म्हणाली. "चहा टाकू?"

"आई, ते ब्लाऊज चुकलं नव्हतं. मी बदलले."

"वजन म्हणतेस."

"वजन नाही. ऑगस्टमध्ये ऑपरेशन करून घेतलं मी. छातीचं."

आईचे हात होते तिथेच थांबले.

"गाठ होती?"

"नाही. गाठ नाही, आजार नाही. काहीच झालं नव्हतं. मला हवं होतं म्हणून मोठी करून घेतली."

आई स्टुलावर बसली. गाठ नाही हे ऐकू यायला तिला थोडा वेळ लागला. मग तिने पदराने मान पुसली.

"कुठून केलं?"

"काखेतून."

"काखेतून?" चाळीस वर्षं मुंढे बसवलेल्या बाईच्या चेहऱ्यावर रागाआधी कुतूहल आलं. "एवढ्याशा जागेतून आत घालायचं म्हणजे... दाखव."

केतकीने दार लावलं, कुर्त्याची बाही खांद्यावरून सरकवली आणि हात वर केला. या वेळी पूर्ण वर केला. आईने चष्मा लावला, तिला खिडकीच्या उजेडात वळवलं. तिला ती रेघ चटकन सापडली.

"टाका कुणी घातलाय?"

"डॉक्टर बागवान म्हणून आहेत."

"आतून घेतलाय. गाठ कुठे सोडलीय तेही कळत नाही." तिचं बोट रेघेवरून दंडावर आलं.

"तिथे मला कळत नाही," केतकी म्हणाली.

"काय कळत नाही?"

"तुझं बोट."

आईने बोट थोडं खाली नेलं. "इथे?"

"नाही."

"इथे?"

"आता कळतंय."

आईने बोट तिथेच ठेवलं. मग ती म्हणाली, "मी कप घालायची, ते."

"हो."

"काढून टाक असं तू कधी म्हणाली नाहीस."

"घालू का, असं तू कधी विचारलं नाहीस."

"विचारलं तर तुला लागेल, असं वाटलं मला."

बाहेरून एक भाजीवाली ओरडत गेली. केतकीने बाही खांद्यावर घेतली.

"दिवाळीपासून, केतकी," आई म्हणाली. आता तिचा आवाज वेगळा होता. "दिवाळीपासून रोज सकाळी मी सुईत दोरा ओवून बघते, किती वेळ लागतो ते. चिंध्यांवर सरळ टीप मारून बघते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आले. तू बदललीस ते मला दिसत होतं. मी काय आंधळी आहे? पण मापाचं ब्लाऊज हातात होतं, म्हणून मी माझ्या डोळ्यांना खोटं ठरवलं. तुझ्या छातीचं तू काहीही कर. माझा हात का घेतलास?"

"चुकलं माझं."

"हो. चुकलं."

आईने तिची समजूत काढली नाही. ती मशीनकडे वळली, पायाशी पडलेली एक चिंधी सुईखाली सरकवली आणि एका दमात टीप मारली. चिंधी उजेडात धरून बघितली, उलटी करून बघितली. मग गळ्यातला टेप ओढला.

"उभी राहा."

छाती साडेचौतीस. मुंढा पंधरा. जुने आकडे तिने एकेका रेघेने खोडले, आणि कंसातल्या शब्दांवर पेन इतक्यांदा फिरवलं की कागद फाटायला आला.

"अजून एक आहे," केतकी म्हणाली.

*

हृदयाचं सांगायला कमी वेळ लागला. आईने फोन लांब धरून तो इशारा वाचला.

"'परका' लिहिलंय इथे."

"ते सगळ्यांनाच तसं म्हणतं."

"त्याला काय कळतंय म्हणा. संमती म्हणजे काय, अंगठा का?"

"इथे ठेव."

आईने अंगठा ठेवला, यंत्राने नाव विचारलं, केतकीने ते भरलं. मग दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. पोऱ्यांच्या घरात मिठी मारायची पद्धत नव्हती. निघताना वाकून नमस्कार, डोक्यावर हात, पिशवीत डबा, झालं.

"कशी उभी राहू?" आईने विचारलं.

"टेप धरतेस तशी."

आईने टेप तिच्या पाठीमागून घेतला, पुढे आणला आणि धरून ठेवला. तिचा गाल केतकीच्या खांद्याशी आला. केसांना खोबरेल तेलाचा आणि मशीनच्या तेलाचा एकत्र वास होता.

"किती झालं?"

"चाळीस सेकंद."

"लांब असतं की गं."

"बोलू नकोस, त्यात तुझा आवाज जाईल."

केतकीने आधी हात लोंबते ठेवले होते. मग तिला ते कुठे ठेवावेत कळेना. शेवटी तिने ते आईच्या पाठीवर ठेवले. पाठ तिच्या कल्पनेपेक्षा अरुंद होती. एकशे ऐंशी सेकंद झाले, फोन एकदा थरथरला. आईने टेप सोडला नाही. दोनशेच्या पुढे केव्हातरी सोडला.

आता आवाज गाळलेला नव्हता. केतकीने तो लावला.

ठक. मग काहीतरी ओरखडत, चढत गेलं. मग ठक.

"हे माझं?"

"हो."

"परत लाव."

आईने मान तिरकी करून ऐकलं. पेठेतल्या बायका बिघडलेल्या मशीनचं सांगायला यायच्या, तेव्हा ती अशीच ऐकायची. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने फोन खाली ठेवला.

"शटलमध्ये दोरा गुंतला की असंच वाजतं," ती म्हणाली. "असं वाजत असताना बायका मशीन चालवत राहतात आणि मग माझ्याकडे रडत येतात. मी त्यांना नाही नाही ते बोलते." तिने तळहात आपल्या छातीवर टेकवला. "कोसळतं म्हणाल्या तुझ्या डॉक्टर?"

"हो. पण दुरुस्त होतं. मांडीतून नळी घालतात. तीन दिवसांत घरी."

"तुझी काखेतून, माझी मांडीतून," आई म्हणाली. "समोरून कुणी जातच नाही का आता?"

केतकीला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. आईने ते होऊ दिलं. मग उठून कपाटातून पांढऱ्या मऊ सुती कापडाचा तागा काढला, अंगठा आणि बोटात घासून बघितला.

"तिथे अंगात घालायला काय देतात?"

"गाऊन. पाठीवर उघडा, नाडीचा. सगळ्यांना एकाच मापाचा."

"तो मी घालणार नाही. माझा मी शिवून नेणार. डॉक्टरांना विचारून ठेव, कुठे कुठे उघडा लागतो. मांडीशी काप ठेवते, पुढून बंद." तिने वहीचं कोरं पान काढलं आणि टेप केतकीच्या हातात दिला. "घे."

"मी?"

"माझं माप नाहीये वहीत. स्वतःचं मी अंदाजाने कापत आले. आता अंदाज नको."

केतकीने कधी कुणाचं माप घेतलं नव्हतं. तिने टेप आईभोवती नेला. आई सांगत होती: सैल धर, बोट आत ठेव, काखेखालून सरळ यायला हवा, पाठीमागे खाली उतरलाय बघ. छाती छत्तीस. आई म्हणाली, छत्तीस कशी असेल, नीट घे. केतकीने पुन्हा घेतलं. छत्तीसच होती.

"लिही मग."

"नाव काय लिहू? आई?"

"आई लिहू नकोस," आई म्हणाली. "घरच्यांचं काम नेहमी मागे पडतं. आज करू, उद्या करू, दुसऱ्याचं लग्न आलं की ते बाजूला. विजयमाला पोरे लिही. गिऱ्हाईक म्हणून. पुढे तारीख टाक."

"कोणती टाकू?"

"तुझ्या डॉक्टर कधी बोलावतात?"

केतकीने तिथल्या तिथे फोन लावला. डॉक्टर बागवानांनी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून पाच मिनिटांत उलट फोन केला. केतकीने वहीत लिहिलं: सोमवार, सकाळी नऊ.

आईने पान आपल्याकडे वळवून वाचलं. तागा टेबलावर पसरला, खडू घेतला आणि पहिली रेघ ओढली.

"सोमवारी नऊ म्हणजे रविवारी संध्याकाळी तयार पाहिजे," ती म्हणाली. "आणि गच्चीवरचं वाळवण तू काढून आण. मी आता जिना चढत नाही."